माझं पत्र, वहिनीचं वाचन

आमच्या आबांची, म्हणजे वडिलांची, विडी माझ्यामुळं सुटली, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत आलो. सांगताना कॉम्प्युटरचा विषय मुद्दाम काढायचो. त्या काळात आमच्या आळीतला कॉम्प्युटरवर हात चालणारा मी एकटा होतो, आणि ते चार लोकांना कळावं असं मला वाटायचं. खरं काय झालं ते सांगायचं टाळलं, कारण त्यात मी बरा दिसत नाही.

मी बीएस्सी. तासगावाकडच्या आमच्या गावात, बुद्धविहाराच्या मागच्या आमच्या आळीत, माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. आबा बेदाण्याच्या शेडवर कामाला होते. द्राक्षं औषधात बुडवून जाळ्यांवर पसरायची, वारं कुठल्या अंगाचं आहे बघून पडदे खालीवर करायचे, हे त्यांचं काम. त्यांचा अंदाज चुकत नाही असं व्यापारीही म्हणायचे. त्यांना सही करता यायची, वाचता यायचं नाही. आणि शर्टाच्या खिशात कायम विडीचं बंडल.

मी शाळेत असल्यापासून त्यांच्या विडीच्या मागं लागलो होतो. बंडल लपवून ठेवली, पाण्यात भिजवली. कॉलेजात असताना फुप्फुसांचा तक्ता घरी आणून भिंतीला लावला. आबा तक्त्याकडं बघत विडी ओढायचे. "दिवसाला किती होतात?" विचारलं की म्हणायचे, "चार-पाच." पुढं विचारलं की म्हणायचे, "तू शिकलायस न्हवं? मग मोज की."

कॉलेज झाल्यावर सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स करून मी सांगलीतल्या एका सर्जनच्या दवाखान्यात चिकटलो. डॉक्टरांकडं रोज पायाचे पेशंट यायचे. वर्षानुवर्षं विड्या ओढून पायाच्या शिरा आतून बंद झालेले. आधी चालताना पोटरीत गोळे, मग अंगठा काळा, मग बोट काढा, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत. बहुतेक पन्नाशीच्या आतले, शेतावरचे, गिरणीतले. डॉक्टर म्हणायचे, "मी इथं पाय वाचवतो आणि हे गेटच्या बाहेर जाऊन काडी ओढतात."

बाहेरच्या देशांत कॉम्प्युटर प्रत्येक पेशंटला वेगळं पत्र लिहितो, असं डॉक्टरांनी कुठंतरी वाचलं होतं. तसंच आपण करायचं त्यांनी मनावर घेतलं. पेशंटला वीसेक प्रश्न विचारायचे. पहिली विडी कधी, कुणाच्या संगतीत, कशावरून तलफ येते. उत्तरं कॉम्प्युटरमध्ये भरली की त्या माणसाला लागू पडणारे उतारे निवडून कॉम्प्युटर त्याच्या नावानं पत्र छापणार. दर पंधरा दिवसांनी पोस्टानं एक पत्र. खाली एक चिठ्ठी, ती भरून फाडून परत पाठवायची: आता दिवसाला किती, काय जमलं, काय जमलं नाही. ती उत्तरं भरली की पुढचं पत्र बदलणार. मराठी अक्षरं उमटावीत म्हणून कॉम्प्युटरमध्ये वेगळं कार्ड बसवलं. प्रोग्राम मी लिहिला. उतारेही मीच लिहिले, डॉक्टरांनी फक्त औषधापाण्याचं तेवढं तपासलं. दोन्ही कडांना भोकं असलेल्या लांबलचक कागदावर प्रिंटर करकर करत ओळी उमटवायला लागला की मी मुद्दाम खोलीचं दार उघडं ठेवायचो, बाकावरच्या पेशंटांना दिसावं म्हणून.

त्याच वर्षी आबांचा अंगठा काळा पडला. मीच त्यांना सांगलीला घेऊन आलो.

डॉक्टरांनी पाय दाबून बघितला आणि सरळ विचारलं, "पाय पाहिजे का विडी?"

आबा म्हणाले, "दोनी जमत न्हाई का?"

"नाही. अंगठा बहुतेक जाईल. विडी सुटली तर तिथं थांबेल. नाही सुटली तर मी कुठपर्यंत कापत जाईन ते मलाच सांगता येत नाही."

आबांनी उगाच हसल्यासारखं केलं. शेडवर दिवसभर उभं राहायचं काम. पाय गेला तर त्यांचं सगळंच गेलं, हे त्यांनाही कळत होतं. मी त्यांचं नाव कॉम्प्युटरमध्ये घातलं. मनात म्हटलं, बापानं माझं तोंडी ऐकलं नाही, छापील तरी ऐकेल.

आणि ऐकलं की. महिनाभरात पहिली चिठ्ठी भरून परत आली. अक्षर वहिनीचं. 'दिवसाला किती' याच्यापुढं लिहिलं होतं: आधी बत्तीस, आता पंचवीस. मी तो आकडा परत परत बघितला. मला चार-पाच सांगणारा माणूस कागदाला बत्तीस सांगत होता. मला राग आला आणि आनंदही झाला. मग स्वतःलाच समजावलं, कागदाला म्हणजे मलाच की, कागद माझाच आहे. पुढच्या चिठ्ठीत एकोणीस. त्याच्या पुढच्या चिठ्ठीत चौदा, आणि खाली: 'घरात वडत न्हाई, भाईर वडतो.' डॉक्टरांनी ती चिठ्ठी सगळ्या स्टाफला दाखवली. "बघा, याच्या वडिलांनी!" मी मान खाली घालून हसलो, पण सगळं नीट ऐकून घेतलं.

आता वहिनी. ती मेढ्याकडची, सातवी पास. दादा ट्रॅक्टर चालवायचा, दिवसभर बाहेर. आईला वाचता येत नाही. त्यामुळं पत्र वाचायचं वहिनीकडं आलं. पण आमच्याकडं सून सासऱ्याशी समोरून बोलत नाही. धर्म बदलला तरी ही रीत काही बदलली नव्हती. वहिनी स्वयंपाकघराच्या दाराआड, डोक्यावर पदर. आबा दोन हातांवर जेवायला बसलेले असायचे आणि ती आईला म्हणायची, "आत्याबाई, मामांना इचारा, भाकरी वाढू का." आई विचारायची, आबा आईला सांगायचे, आई वहिनीला सांगायची. लग्नाला चार वर्षं झाली होती, दोन वर्षांची मुलगी होती, तरी ती सासऱ्याशी एक वाक्य सरळ बोललेली मी ऐकली नव्हती. पत्र वाचणं मात्र चालायचं. वाचणं म्हणजे काही बोलणं नव्हे.

एकदा दवाखान्यातला प्रिंटर बिघडला आणि मला मधल्या वारी सुट्टी मिळाली. मी गावी आलो, आणि त्याच दिवशी पोस्टमननं पत्र दिलं. आबा सोप्यात पाय पाटावर ठेवून बसलेले. मी बाजूला. वहिनी दाराआड उभी राहून वाचायला लागली.

ते पत्र मला तोंडपाठ होतं. बारा ओळी. 'आपण विड्यांची संख्या निम्म्यावर आणली याबद्दल आपले अभिनंदन. जेवणानंतरची विडी टाळण्यासाठी बडीशेप अथवा लवंग तोंडात ठेवावी.' असं. बारा ओळी वाचायला मिनिटभर पुरतं.

वहिनी वाचत होती, "लिव्हलंय की, निम्म्याव आलाय, बरं झालं. पर निम्म्या बिडीनं बी पाय जातोयच."

हे माझं नव्हतं. पण म्हटलं, तिनं आपल्या बोलीत सांगितलं असेल.

"आन लिव्हलंय की, काल सांजच्याला नातीनं जळकी काडी तोंडात धरून धूर काढल्यावाणी केलं. आजीनं इचारलं ह्ये काय, तर म्हणली, आबा."

आबा दाराकडं बघायला लागले. "कालचं? सांगलीतनं त्येला कालचं कळलं?"

"लिव्हलंय तसं वाचतीया." वहिनी आईला म्हणाली.

"फुडं वाच म्हनावं," आबा आईला म्हणाले.

"फुडं लिव्हलंय की, सूनबाई भाकऱ्या थापताना तोंडाला पदर लावती, त्ये मामांच्या लाजंनं न्हाई. बिडीच्या धुरानं लावती, आंगणातला बी आत येतोय. चार वर्सं झाली."

आईनं चुलीवरचा चहा एकदा उतू घालवला, पुन्हा ठेवला. वाचन सुरूच. औषधाची गोळी कुठल्या दिवशी चुकली, शेडवरून येताना वाटेत कुणाच्या दुकानात थांबणं झालं, सगळं त्या कागदात होतं म्हणे. आबा मध्येच म्हणायचे, "त्येला सांगा, आता दुकानावरनं येत न्हाई, वढ्याच्या वाटंनं यीन." वहिनी म्हणायची, "लिव्हते." आणि चिठ्ठीवर लिहायची. बाप माझ्यापुढं बसून माझ्या पत्राशी इतकं बोलत होता, जितकं माझ्याशी बावीस वर्षांत बोलला नव्हता. आणि त्यात माझं एक अक्षर नव्हतं.

तेव्हा मला काय झालं ते मी स्पष्टच सांगतो. मला जळफळाट झाला. बत्तीसचे पंचवीस, पंचवीसचे एकोणीस, डॉक्टरांनी सगळ्यांना दाखवलेली ती चिठ्ठी, हे सगळं कुणाचं होतं ते मला एका दमात कळलं. मी उठलो, दारापाशी गेलो आणि वहिनीच्या हातातला कागद ओढून घेतला.

"आबा, ह्यात यातलं काहीही नाही. हे पत्र मी लिहिलंय. बारा ओळी आहेत. ऐका." आणि मी कॉलेजातल्या आवाजात बारा ओळी वाचल्या. अभिनंदन, बडीशेप, लवंग.

वहिनी आत गेली, चुलीपुढं बसली. मुलगी तिच्याजवळ गेली, तिला तिनं मांडीवर घेतलं.

थोड्या वेळानं आबा मला अंगणात घेऊन गेले. लंगडत चालत होते. कोपऱ्यातल्या दगडावर बसले.

"तुला काय वाटलं, मला कळत न्हाई?" म्हणाले. "कागूद एवढुसा. आन वाचाय लागली की दोन चहा हुत्यात. पयल्याच पत्राला वळीकलं मी."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? पोरगी कागदाआडनं का हुईना, बोलत हुती. मी ऐकत हुतो. तुज्या पोटात कुटं दुखलं?"

मी म्हटलं, खोटं वाचत होती ती.

"खोटं कुटलं? समदं खरं हुतं," आबा म्हणाले. "आता कशाच्या आडनं बोलंल रं ती?" आणि खिशातून बंडल काढून त्यांनी माझ्यासमोर विडी पेटवली.

वहिनीनं त्यानंतर पत्र वाचलं नाही. पुढचं पत्र आलं ते तिनं न फोडता कोनाड्यात ठेवलं. त्याच्या पुढचंही. दवाखान्यात चिठ्ठी आली नाही. डॉक्टरांनी विचारलं, "तुमच्या वडिलांचं काय?" मी म्हटलं, पोस्टाचा घोळ आहे. महिन्याभरानं आबांना तपासायला आणलं तेव्हा अंगठ्याच्या शेजारच्या बोटाचा रंगही फिरायला लागला होता. डॉक्टरांनी विचारलं, "किती?" आबा म्हणाले, "चार-पाच."

अंगठा त्याच आठवड्यात काढला. दुसऱ्या बोटाचं अजून ठरायचं होतं.

वहिनी तोवर माहेरी गेली होती. दादाचा सीझन, ट्रॅक्टर सोडून त्याला जाता येईना. आई मला म्हणाली, "तू घालवलीस, तूच आण जा." मी सातारा गाठलं, तिथून मेढ्याची एसटी धरली.

मी अंगणात पोचलो तेव्हा वहिनी डोक्यावर पदर न घेता सोप्यात उभी होती आणि मोठ्यानं बोलत होती. समोर तिचे वडील, गालात तंबाखू.

"बाबा, आदी थुका. मग जेवाय वाढते."

"आगं, आत्ताच धरली."

"म्या बघितलं कवा धरली ती. थुका."

म्हातारा उठला, बाहेर जाऊन थुंकून, चूळ भरून आला आणि पाटावर बसला. मला बघून म्हणाला, "या पावणं. बसा. तंबाकू खात आसला तर भाईरच थुकून या, ह्या घरात सरकार हाय."

मी तिथं उंबऱ्यावर उभा राहून तिच्याकडं बघत राहिलो. तक्ता, कोर्स, प्रोग्राम, वीस प्रश्न. आणि ही एका शब्दात बापाला उठवते. हेवा कमी होण्याऐवजी वाढला. पण ती आमच्या घरी चार वर्षं कशी गप्प बसली असेल, हेही त्याच वेळी डोक्यात आलं. ते तोवर कधी आलं नव्हतं.

जेवण झाल्यावर मी म्हटलं, "वैनी, चला. पत्रं पडलीत. वाचायला कुणी नाही."

"का, तुमी हायसा की बीएस्सी. तुमचं पत्र, तुमीच वाचा."

"माझं चुकलं."

"चुकलं कसं? तुमी बरूबर वाचलं. मी सातवीची, मला कागदावर नसल्यालंच दिसतं."

"आबांचा अंगठा काढला. दुसरं बोट धोक्यात आहे."

ती भांडी आवरत होती, थांबली. "मग मी काय करू, भावजी? आता मामांना ठावं झालं मी बोलत हुते. आता वाचाय उबी ऱ्हायले तरी त्ये म्हणतील, बोलाय लागली. तुमी माजं तोंड बंद केलंसा."

आबांना आधीच माहीत होतं, हे मी तिला सांगितलं. तिला ते खरं वाटलं नाही. ती माझ्याबरोबर आली, पण वाटेत साताऱ्यापासून तासगावपर्यंत मुलीशीच बोलत होती.

सांगलीत परत आल्यावर मी दोन दिवस प्रोग्रामपुढं बसून होतो. नवा उतारा लिहून बघितला, तिच्यासारखा. 'लिव्हलंय की' असं लिहून बघितलं. खोटं वाटत होतं. काल घरात काय झालं ते मला सांगलीत बसून कुठून कळणार? शेवटी मी बारा ओळींच्या आठ केल्या, आणि खाली एक ओळ घातली: 'यापुढचा मजकूर पत्र वाचणाऱ्या घरच्या व्यक्तीने तोंडी सांगावा.' त्याखाली अर्धं पान कोरं.

डॉक्टरांनी विचारलं, "हे काय?"

मी माझा विचार सांगितला, की पत्राला घरातलं माहीत नसतं, घरच्यांना असतं. डॉक्टर खूश झाले. "वा, हे सगळ्यांच्याच पत्रात घाला. कसं सुचलं?"

मी म्हटलं, "असंच."

ते पत्र वाचलं तेव्हा मी घरी नव्हतो. आईनं सांगितलं. वहिनीनं आठ ओळी वाचल्या, नवव्या ओळीशी थांबली, तीही वाचली आणि कागदाची घडी घालायला लागली. आबा म्हणाले, "मग सांगा की. कागूदच म्हणतोय."

मग वहिनी आईला नाही, सरळ आबांनाच म्हणाली, "मामा, बिडीचं बंडल आजपासनं माज्या डब्यात ऱ्हाईल. पायजे तवा मागायची. पर मदी आत्याबाई न्हाईत. तुमी सोता माज्याकडं मागायची."

आई म्हणाली, मला वाटलं आता ह्यो माणूस उठून जातोय. आबा उठले नाहीत. बंडल काढून दाराशी ठेवलं.

हे किती अवघड होतं ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल. सुनेपुढं उभं राहून, तोंड उघडून, विडी दे म्हणायचं. पहिल्या दिवशी आबांनी चार वेळा मागितली. प्रत्येक वेळी दारापर्यंत जायचे, खाकरायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. ती गुमान एक काढून द्यायची, वर काही बोलायची नाही. दुसऱ्या आठवड्यात दोन. एका सकाळी दाराशी गेले, खाकरले, आणि म्हणाले, "सूनबाई, च्या हाय का?" आई सांगते, वहिनी डब्याला हात लावणार होती, तो हात तिनं चहाच्या पातेल्याकडं नेला. त्यानंतर त्यांनी विडी मागितली नाही. दुकानातूनही आणली नाही, हे मी स्वतः दुकानदाराला विचारून खात्री केली, कारण माझा अजून विश्वास बसत नव्हता. खरं सांगायचं तर, बसावा असंही वाटत नव्हतं.

सहा महिन्यांनी आबांना डॉक्टरांकडं नेलं. दुसरं बोट तसंच होतं, रंग परतला होता, पाय गरम लागत होता. डॉक्टरांनी मला केबिनमध्येच कॉम्प्युटरवर बसवलं, शेवटची माहिती भरून घ्यायला. आबांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आजोबा, तुमच्या पोराच्या त्या एका ओळीनं पाय वाचला तुमचा."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी कीबोर्डकडं बघितलं.

"वळीनं न्हाई साहेब," आबा म्हणाले. "सुनेनं." आणि मग सगळं सांगितलं. दोन चहांची पत्रं, नातीची काडी, मी कागद ओढून घेतला ते, मी अभिनंदन वाचून दाखवलं ते, डबा. लपवलं काही नाही, वाढवलं काही नाही. सांगताना हसत होते. डॉक्टरही हसले, पण मध्येच त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"मग ती ओळ तुम्हाला असंच सुचली नव्हती तर."

"नाही," मी म्हटलं.

"हं," एवढंच म्हणाले. मग फॉर्म पुढं सरकवला. शेवटचा प्रश्न त्यांनी मोठ्यानं वाचला, विडी सोडण्यास सर्वांत जास्त मदत कोणाची. एक, डॉक्टर. दोन, पत्र. तीन, घरची व्यक्ती. प्रश्न मीच लिहिला होता आणि लिहिताना सगळे दोनच म्हणतील असं धरून चाललो होतो.

आबा मान लांब करून पडद्याकडं बघत होते. त्यांना आकडे तेवढे वाचता यायचे. मी तीन दाबलं.

"बरूबर," आबा म्हणाले. "आता घरी गेल्याव तूच तिला इचार, आज जेवायला काय करनार हाय. मला बोलाय येतंय आता, पर आजून लाज वाटती."